मागची चाकं वळू लागली तेव्हा

३१ मे २०२३ पासून ब्रिटनच्या रस्त्यांवर १५.६५ मीटर लांबीच्या सेमीट्रेलरला सर्रास परवानगी मिळाली. त्याआधी अकरा वर्षं या लांब ट्रेलरांची चाचणी चालू होती. त्या काळात झालेले वाद आठवले, तर बोलणं बहुतेक पुढे जाणाऱ्या गाडीबद्दल होतं: वळणावर ती मावेल का, फुटपाथवरच्या माणसाला तिचं शेपूट लागेल का, डिझेल किती वाचेल. पण प्रत्येक खेपेच्या शेवटी हीच गाडी गोदामाच्या लोडिंग बेमध्ये उलटी घालावी लागते. त्या अकरा वर्षांतला खरा बदल मला तिथे दिसतो, आणि त्याचीच चर्चा सगळ्यात कमी झाली.

या प्रकरणाचं मूळ दोन वर्तुळांत आहे. युरोपच्या १९९६ च्या नियमानुसार जोडगाडीला, म्हणजे पुढची गाडी आणि ट्रेलर मिळून, १२.५ मीटर बाहेरच्या आणि ५.३ मीटर आतल्या त्रिज्येच्या कड्यात राहून वळता आलं पाहिजे. तीन स्थिर अ‍ॅक्सलचा नेहमीचा १३.६ मीटरचा ट्रेलर या कड्यात बसतो. त्याला आणखी दोन मीटर जोडले की अडचण होते. अ‍ॅक्सल मागे सरकवले तर ट्रेलर आतला कोपरा कापतो, पुढे सरकवले तर शेपूट बाहेर झोकांडतं. म्हणून मागच्या चाकांनीच वळायला हवं.

जानेवारी २०१२ मध्ये चाचणी सुरू झाली तेव्हा १,८०० ट्रेलरांना मुभा होती, निम्मे १४.६ मीटरचे आणि निम्मे १५.६५ चे. बहुतेकांनी लांबातला लांबच पसंत केला. वजनाची मर्यादा ४४ टनांवरच राहिली, त्यामुळे लोखंड किंवा सिमेंट वाहणाऱ्यांना यात काही मिळणार नव्हतं. फायदा होता तो ज्यांचा ट्रेलर वजनाआधी जागेने भरतो त्यांना: पाव, वेफर्स, पार्सलं, टॉयलेट पेपर. २६ पॅलेटांच्या जागी ३० बसू लागले. ग्रेग्ज या बेकरीवाल्यांनी २०१३ पासून न्यूकॅसलच्या वितरण केंद्रातून असे ट्रेलर चालवले. २०१७ मध्ये मुभा २,८०० पर्यंत वाढली.

मागची चाकं वळवण्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत आणि रिव्हर्समध्ये त्या अगदी उलट वागतात.

पहिली तऱ्हा आपोआप वळणारी. तिचा पुढच्या गाडीशी काही संबंध नसतो. रस्ता टायरला जसा रेटेल तसं चाक वळतं. पुढे जाताना हे छान चालतं. मागे घेताना मात्र विमानतळावरची ट्रॉली उलटी ओढल्यावर तिची चाकं जशी भिरभिरतात, तसंच हेही चाक उलटं फिरू पाहतं. म्हणून रिव्हर्सआधी अ‍ॅक्सल सरळ करून लॉक करावा लागतो. अनेक ट्रेलरांवर रिव्हर्स गिअर पडताच लॉक आपोआप लागतो, पण चाकं सरळ असतील तरच. नसतील तर गाडी आधी थोडी सरळ पुढे घ्यायची, मग मागे. अरुंद यार्डात नेमकी तेवढीच जागा नसते! शिवाय लॉक लागला की ट्रेलरचा स्वभावच बदलतो. पुढे जाताना तो पुढच्या दोन स्थिर अ‍ॅक्सलांभोवती, म्हणजे आखूड ट्रेलरसारखा फिरत होता. आता तिन्ही अ‍ॅक्सल ताठ, फिरण्याचा बिंदू मागे सरकलेला. ट्रेलर उशिरा ऐकतो, मोठी कमान मागतो आणि टायर डांबरावर घासत नेतो. आत येताना जी गाडी आज्ञाधारक वाटली, तीच बाहेरून मोजून घेतलेल्या जागेत मावत नाही.

दुसरी तऱ्हा हुकमी. पुढची गाडी आणि ट्रेलर यांच्यातला कोन फिफ्थ व्हीलपाशी, म्हणजे ट्रेलर जोडला जातो त्या तबकडीपाशी, मोजला जातो आणि दांड्यांनी किंवा हायड्रॉलिक तेलाच्या दाबाने मागच्या चाकांपर्यंत पोहोचवला जातो. नेदरलँड्सच्या ट्रायडेक कंपनीचं नाव यात मोठं. ही रचना रिव्हर्समध्येही चालते, म्हणूनच जुन्या बाजारपेठांतल्या दुकानांमागच्या चिंचोळ्या यार्डांसाठी आखूड ट्रेलरांवर ती या चाचणीच्या आधीपासून वापरात होती. पण स्थिर अ‍ॅक्सलवर तयार झालेला हात इथे फसतो. एरवी शेपूट उजवीकडे न्यायचं तर स्टिअरिंग डावीकडे कापायचं, ट्रेलर वळायची वाट पाहायची, मग त्याच्या मागोमाग जायचं. हुकमी ट्रेलर वाट पाहू देत नाही. कोन आहे तोवर मागची चाकंही वळलेलीच असतात, त्यामुळे शेपूट झपाट्याने आत येतं. आरशात दिसेपर्यंत बेची रेघ ओलांडलेली असते. स्टिअरिंग थोडंच द्यायचं आणि दिलेलं लवकर काढून घ्यायचं. गाडी रांगत चालली पाहिजे, हे तर आलंच. हे सांगायला सोपं आहे, पण आज एक, उद्या दुसरा आणि परवा साधा ट्रेलर जोडून निघणाऱ्या माणसाला रोज हात बदलावा लागतो. कडेने पाहिलं तर तिन्ही सारखेच दिसतात. जोडण्याआधी वाकून अ‍ॅक्सल बघणं आलं.

त्यात आंधळी बाजू. ब्रिटनमध्ये आपल्यासारखाच ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून शेपूट उजवीकडे वळवताना तो खिडकीतून मान काढून पाहू शकतो. डावीकडे वळवताना सगळी भिस्त आरशावर. चांगल्या यार्डाची आखणी गोदाम ड्रायव्हरच्या उजव्या हाताला राहील अशीच करतात. जुन्या यार्डांना ते भाग्य नाही. आपल्याकडे भिवंडीच्या गोदामात किंवा न्हावा शेव्याच्या यार्डात मागे उभा राहून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणणारा आणि वेळ आली की पत्र्यावर थाप मारणारा क्लीनर असतो. तिकडे क्लीनर ही जातच नाही. यार्डात खुणा करणारा कोणी असला तर ठीक, नाहीतर ड्रायव्हर स्वतः उतरतो, बघतो, पुन्हा चढतो. २०१८ मध्ये मर्सिडीजने अ‍ॅक्ट्रॉसवर आरशांऐवजी कॅमेरे आणले. गाडी वळली की त्यांचं चित्रही शेपटामागे सरकतं. त्या दशकात केबिनमध्ये आलेली सगळ्यात कामाची वस्तू मी हीच म्हणेन.

मग ब्रिटनमध्ये २०२१ चा ड्रायव्हरांचा दुष्काळ आला. परीक्षेच्या तारखा वाढवण्यासाठी सरकारने ट्रकची आणि जोडगाडीची परीक्षा एक केली. कारचा परवाना असलेला माणूस थेट जोडगाडीच्या परीक्षेला बसू लागला. रिव्हर्सचा भाग मुख्य परीक्षेतून काढून बाहेरच्या मान्यताप्राप्त परीक्षकांकडे दिला गेला. यावर तेव्हा बरीच टीका झाली. मला ती अर्धीच पटते. परीक्षेतला ट्रेलर मागची चाकं वळवणारा असावा अशी अट आधीही नव्हती. ती विद्या यार्डातच, कोणाच्या तरी देखरेखीत मिळते, आणि घाईच्या दिवसांत कमी पडते ती देखरेख.

२०२३ मध्ये सरकारने हिशोब मांडला: ३०० हून अधिक कंपन्या, रस्त्यावर जवळजवळ ३,००० ट्रेलर, तेवढाच माल ८ टक्के कमी फेऱ्यांत, १.४ अब्ज पौंडांचा फायदा. किलोमीटरमागे अपघातही इतर जोडगाड्यांपेक्षा कमी. हे आकडे वाचताना एक गोष्ट विसरू नये: चाचणीतल्या कंपन्यांनी आपले रस्ते आणि आपले ड्रायव्हर पारखून घेतले होते. आता असा ट्रेलर घेणाऱ्याला मार्गातल्या धोक्यांचा आढावा घेणं बंधनकारक आहे. शेपूट झोकांडण्याची भीती घालणारे तेवढ्याने गप्प बसले नाहीत, आणि त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. गोदामांचं म्हणाल, तर नवी मोठी गोदामं जाहिरातीतच ५० मीटर खोल यार्ड सांगतात. ट्रेलर लांबले म्हणून जुन्या दुकानांमागची जागा मात्र वाढलेली नाही.

केंब्रिज विद्यापीठात डेव्हिड सीबन यांच्या गटाने संगणकाने वळणाऱ्या ट्रेलर-अ‍ॅक्सलांवर अनेक वर्षं काम केलं. रिव्हर्सचाही त्यात कसून विचार झाला. रोजच्या मालवाहतुकीत मात्र अजून लॉकवाले आणि तेलाच्या दाबाचे अ‍ॅक्सलच दिसतात. काही इलेक्ट्रॉनिक ट्रेलरांना हातात धरायचा रिमोट मिळतो: बाहेर उभं राहून मागची चाकं हवी तशी वळवता येतात. पवनचक्क्यांची पाती नेणाऱ्या आपल्याकडच्या ट्रेलरांवरही मागची चाकं वळवायला वेगळा माणूस असतो. रिमोट हातात घेऊन ड्रायव्हर मागे गेला, की केबिनमध्ये दुसरं कोणीतरी बसवावं लागतं. म्हणजे क्लीनर गाडीवर परत आलाच.