मेटलच्या गर्दीत सापडलेला संशोधनाचा प्रश्न

शिरूर-दौंडकडच्या आपल्यासारख्यांना मेटल ऐकायला पुणंच गाठावं लागतं. २०१० मध्ये तिथे ‘एनएच७ वीकेंडर’ सुरू झाला; २०१९ ला स्वीडनचा ‘ओपेथ’ बँड त्यात वाजवून गेला. अशा मैदानात स्टेजसमोर पोरं एकमेकांना धडका देत नाचतात, तो मॉश पिट. तीच पोरं गोल पळायला लागली की सर्कल पिट.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या जेसी सिल्व्हरबर्ग आणि सहकाऱ्यांनी यूट्यूबवरच्या व्हिडिओंमधून या नाचणाऱ्यांचे वेग मोजले. मॉश पिटमधले वेग वायूच्या रेणूंसारखे विखुरलेले निघाले. २०१३ मध्ये हा पेपर ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला. संगणकावरचं त्यांचं मॉडेल अगदी साधं आहे: प्रत्येक जण धडकतो, थोडा शेजाऱ्यांच्या दिशेने जातो, थोडा वाट्टेल तसा हलतो. शेजाऱ्यांचा प्रभाव वाढवला की आपोआप भोवरा तयार होतो.

आता गंमत बघा. मॉडेलमधला भोवरा कुठल्याही दिशेने फिरतो. व्हिडिओंत मात्र सुमारे ९५ टक्के सर्कल पिट घड्याळाच्या उलट फिरतात. म्हणजे माणसात काहीतरी आहे, जे मॉडेलमध्ये नाही. तुमचा प्रश्न अशाच फटीत असतो.

आणि हा नुसता खेळ नाही. चेंगराचेंगरी मुद्दाम घडवून अभ्यासता येत नाही. बेभान गर्दी कशी हलते, हे इथे बघता येतं. दौंड जंक्शनला गाडीच्या दारात रेटले जाल, तेव्हा स्वतःला विचारा: यातलं मी नेमकं काय मोजू शकतो?