भात एकदाच, पुरी गरम

दिवाळी अंक निघाला की आमच्या मंडळाचे संकेतस्थळ हमखास मान टाकायचे. बालाघाट, नागपूर, पुणे, सगळीकडचे सभासद एकाच संध्याकाळी अंक उघडणार आणि सर्व्हर प्रत्येकासाठी तेच पान नव्याने जुळवत बसणार!

मागच्या वर्षी लालबर्र्याच्या घरातूनच मी सर्व्हरपुढे वार्निश नावाचा प्रोग्राम बसवला. पोल-हेनिंग काम्प यांनी एका नॉर्वेजियन वृत्तपत्रासाठी लिहिलेला हा प्रोग्राम २००६ मध्ये आला. एकदा तयार झालेले पान तो साठवून ठेवतो आणि पुढच्या वाचकाला थेट देतो.

वेग पाहून मी हुरळलो. वाचकाची ओळख सांगणारी कुकी असेल, तर वार्निश स्वतःहून पान साठवत नाही. तो पहारा मीच काढला. दुसऱ्या दिवशी एका काकूंचा फोन आला, "अरे, माझ्या पानावर दुसऱ्याच कुणाचं नाव आणि फोन नंबर दिसतोय!" मी तत्काळ साठा रिकामा केला आणि त्या सभासदांची माफी मागितली.

उपाय लग्नाच्या पंगतीत सुचला. भात एकदाच शिजतो, पुरी मात्र गरम वाढतात. पानाचेही तसेच दोन भाग केले. लेख आणि अनुक्रमणिका साठ्यातून. सभासदाच्या नावाची पट्टी ईएसआय नावाच्या खुणेने दर वेळी मूळ सर्व्हरकडून. दोन्ही तुकडे जोडून वार्निशच पान वाढतो.

यंदा अंक उघडाल, तेव्हा वर आपलेच नाव आहे ना, तेवढे पाहा. नसेल तर लगेच कळवा.