‘नोट’ या शब्दाची ओळख

मंडळी, नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात नोटा छापतात, हे आपल्याकडं शाळकरी पोरालासुद्धा ठाऊक असतं. पूर्वी आपल्या नोटा इंग्लंडातून छापून येत. १९२८ साली हे काम नाशिकला सुरू झालं, आणि १९३२ पर्यंत हिंदुस्थानच्या सगळ्याच नोटा इथं छापल्या जाऊ लागल्या. पण ‘नोट’ हा शब्द नुसता पैशाचाच आहे का?

गंमत पाहा. दुकानदार म्हणतो, “सुट्टे द्या, मोठी नोट नको.” गुरुजी म्हणतात, “नोट्स उतरवून घ्या.” शब्द एकच, पण मराठीनं अनेकवचनात त्याची वाटणी करून टाकली. पैशाच्या त्या नोटा, टिपणाच्या त्या नोट्स! हे कुणी शिकवलं नाही, बोलता बोलता झालं.

मूळ शब्द लॅटिन भाषेतला. त्याचा अर्थ खूण. आपण पोत्यावर निशाणी करतो, जनावराला डाग देतो, तशी खूण. पुढं लिहिलेल्या खुणेलाही तोच शब्द लागला. रोमन काळात भरभर लिहिण्यासाठी खुणांची लिपी होती. त्या लिपीत लिहून घेणारा तो ‘नोटारियस’. कचेरीबाहेर बसणारा आपला नोटरी त्याचाच वंशज. हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. गाण्यातला स्वर दाखवणारी खूण तीही नोटच, म्हणून स्वरलिपीला नोटेशन म्हणतात. नाशिकला आश्रम काढून राहिलेले पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी अशीच एक स्वरलिपी तयार केली होती.

शिक्षकबंधूंनी एक ध्यानात ठेवावं. ‘नोटीस’ हा शब्द दिसायला याच घरचा, पण तो आला ‘जाणणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून. संस्कृतातला ‘ज्ञा’ धातू त्याचा भाऊबंद. म्हणजे नोटिशीचं नातं ज्ञानाशी आहे, बरं का!

मग खुणेचा पैसा कसा झाला? सतराव्या शतकात लंडनचे लोक आपलं सोनंनाणं सोनारांकडं ठेवीत. सोनार चिठ्ठी लिहून देई: मागाल तेव्हा परत देईन. ती चिठ्ठीच हातोहात फिरू लागली. १६९४ साली बँक ऑफ इंग्लंड निघाली, तिनंही अशाच चिठ्ठ्या काढल्या. म्हणजे नोट हे मुळात लेखी वचन. आपली शंभराची नोट उजेडात धरून वाचा. तिच्यावर धारकाला शंभर रुपये देण्याचं वचन आहे, खाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही आहे. मागच्या बाजूला पंधरा भाषांच्या पट्टीत आपली मराठीही आहे. एक रुपयाची नोट मात्र भारत सरकारची. तिच्यावर अर्थसचिवांची सही असते आणि वचन नसतं.

छापील नोटेत वचन देणारं सरकार किंवा बँक. पण ‘प्रॉमिसरी नोट’ म्हणून कागद पुढं येतो, तेव्हा वचन देणारे आपण असतो. तिला मराठीत वचनचिठ्ठी म्हणतात. असल्या कागदांनी किती घरं बसली, याला इतिहास साक्षी आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे इथं शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा राग मुख्यतः कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. ते त्यांनी हिसकून जाळले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावा, अशी तरतूद त्यात आली. कारण उघड होतं: लिहिणारा एक, आणि न वाचता अंगठा देणारा दुसरा.

अंगठा हीसुद्धा खूणच, म्हणजे मूळ अर्थानं नोटच. तेव्हा मंडळी, कुणी म्हणालं, “एवढ्या नोटवर सही करा,” तर आधी विचारा: ही कसली नोट? आकडा किती, व्याज किती, मुदत किती? कोऱ्या कागदावर सही नको, अंगठाही नको. वाचता येत नसेल तर गावातल्या गुरुजींकडून वाचून घ्या. आणि गुरुजी, वर्गात नोट्स सांगताना एक दिवस ही नोटही मुलांना वाचायला शिकवा.