वास गेला, वायूचं काय?

मी साहित्याची विद्यार्थिनी. मिथेनशी माझी ओळख शाळेच्या पुस्तकापुरतीच. पण सुरतेत गायी-म्हशींचे तबेले दिसतात, तसं त्यांच्यामागे साचलेलं हिरवट-काळं पाणीही दिसतं. त्यावर बुडबुडे येतात. ते कशाचे, एवढंच इथे सांगायचं आहे.

शेण उन्हात वाळवलं, गोवऱ्या थापल्या, तर मिथेन फारसा तयार होत नाही. हवा लागत असते. तेच शेण पाण्याने धुऊन खड्ड्यात सोडलं की तळाशी हवा पोचत नाही. हवेविना जगणारे जिवाणू ते कुजवतात आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी हवा तापवतो. म्हणजे गोठा स्वच्छ करणारं पाणीच इथे अडचण वाढवतं!

मग करायचं काय? धुण्याआधी शेण फावड्याने उचलायचं. पाणी कमी लागतं आणि खड्ड्यात कुजायलाही कमी जातं. उरलेलं सांडपाणी बंद टाकीत न्यायचं, म्हणजेच आपला जुना गोबरगॅस. जिवाणू तेच, वायूही तोच. फक्त तो पकडून जाळला जातो. एक किलो मिथेन जळाला की पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो. तोही चाऱ्याने हवेतूनच घेतलेला.

सुरतेला ही युक्ती नवी नाही. महापालिकेने २००३ मध्ये अंजना इथल्या मलशुद्धीकरण केंद्रात सांडपाण्याच्या गाळातून निघणाऱ्या वायूवर अर्ध्या मेगावॅटचं वीजकेंद्र सुरू केलं. शहराच्या मैल्याचं जे होतं, ते शेणाचंही होऊ शकतं.

मात्र झाकण घट्ट हवं. दहावा हिस्सा वायू जरी फटींतून निसटला, तरी त्याचा ताप २.७ किलो कार्बन डायऑक्साइडएवढा, म्हणजे सगळा वायू जाळल्यावर होतो जवळपास तेवढाच. टाकीतून बाहेर आलेली स्लरीही काही काळ वायू सोडतच असते. ती उघडी साठवू नये, लवकर शेतात जावी.

‘तबेले शहराबाहेर हलवा’ असं आपण सहज म्हणून जातो. तिथेही खड्डा उघडाच राहिला, तर आपल्या नाकापासून वास तेवढा दूर जाईल. वायू मात्र त्याच आभाळात जाणार, जे गोठेवाल्याचं आहे आणि आपलंही.