नाडी जुळली, इंजेक्शन राहिलं

२०२५च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियातले जेम्स हॅरिसन गेले. अँटी-डी इंजेक्शनसाठी तब्बल ११७३ वेळा रक्तदान केलेला माणूस. बातमी वाचली आणि आमचं घाटकोपरमधलं नव्वदचं दशक आठवलं, रागासकट.

त्याआधीचं थोडक्यात उरकतो. आई आरएच निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह. आईच्या शरीरात एकदा प्रतिपिंडं तयार झाली की पुढच्या खेपेला ती वार ओलांडून बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. १९६३मध्ये ऑकलंडला विल्यम लायलींनी गर्भातल्या बाळाच्या उदरपोकळीत रक्त सोडलं. ऐंशीच्या दशकात सुई थेट नाळेतल्या शिरेत पोचली.

घाटकोपरच्या पंतनगरात मात्र लग्न ठरवताना नव्वदीतही ज्योतिषाचाच शब्द अखेरचा. ‘एकनाडी म्हणजेच आरएच, पूर्वजांना सगळं ठाऊक होतं,’ असं बैठकीत ठणकावणारे पदवीधर मी पाहिलेत. अहो, नाडी ठरते जन्मनक्षत्रावरून. रक्ताचा तिथे संबंध काय? शेजारच्या वहिनी आरएच निगेटिव्ह, पण नाडी उत्तम जुळली होती. चौथ्या महिन्यात गर्भ पडला. नर्सिंग होमने पिशवी साफ करून संध्याकाळी घरी धाडलं. ती प्रतिपिंडं तयार होऊ न देणारं, बहात्तर तासांच्या आत द्यायचं अँटी-डी, १९६८पासून मिळणारं, कुणाच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या खेपेला बाळाला ॲनिमिया. मेंदूतल्या रक्तवाहिनीचा वेग डॉप्लरवर पाहून तो ओळखण्याची सोय तेव्हा रुळायची होती. पोटात सुई घालून गर्भजल काढायचं आणि त्याचा पिवळेपणा मोजायचा. मग ओ निगेटिव्हची शोधाशोध. आपल्याकडे शंभरात जेमतेम पाच निगेटिव्ह, त्यातले ओ किती? रक्त मिळालं की वहिनी टेबलावर, सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचं पांढरं टोक, आणि बाळाने पाय झाडला की सगळ्यांचे श्वास अडकलेले. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. मुलगी वाचली. एका इंजेक्शनाने टळलं असतं ते सारं.

आणि हे कुठे? घाटकोपरहून सहाव्या स्टेशनावर, परळच्या केईएममध्ये, १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो रक्तगट शोधला, त्याला जगाने ज्या शहराचं नाव दिलं, त्याच मुंबईत.

परवा पुतण्यासाठी आलेल्या बायोडेटात ‘बी निगेटिव्ह’ वाचून आमच्याच घरच्यांनी नाकं मुरडली. पुतण्याचा रक्तगट कोणता, हे एकालाही सांगता आलं नाही. नाडी मात्र फोनवर लगेच पाहून झाली होती.