पुळणीची मर्यादा

आमच्या आळीचीं मागील दारें समुद्राकडे उघडतात. परसांत विहीर, विहिरीपलीकडे नारळी-पोफळींची वाडी, वाडीच्या बांधाबाहेर केवडा व सुरू, आणि त्यांपुढें पुळण, अशीच दापोली-गुहागरकडील किनाऱ्यावरच्या पुष्कळ गांवांची रचना आहे. ‘पुळण’ हा शब्द संस्कृत ‘पुलिन’ शब्दावरून आला आहे.

शाळेंतून निवृत्त होऊन गांवीं आल्यावर आळींतील मुलें जमवून दर रविवारीं पुळण झाडण्याचा उपक्रम आम्हीं आरंभिला. प्लॅस्टिकच्या बाटल्या, तुटकीं जाळीं, फुटक्या कांचा, आणि लिहिण्यास संकोच वाटतो, आमच्याच आळींतील गणपतीचें निर्माल्य पिशवीसकट! मुंबईस वर्सोव्याची पुळण नागरिकांनीं ऑक्टोबर २०१५ पासून झाडण्यास घेतली व मार्च २०१८ मध्यें तेथें कासवांचीं पिलें दिसलीं, हें सांगतांच मुलांस चेव आला.

त्या भरांत आमच्या हातून एक प्रमाद घडला. पुळणीच्या उंचवट्यावर पसरलेला एक वेल आम्हांस निव्वळ गबाळ वाटला. वाट मोकळी होईल, सापाचें भय जाईल, अशा विचारानें तो आम्हीं मुळांसकट उपटविला. शेजारच्या, ऐंशीच्या घरांतील काकू बांधावरून म्हणाल्या, “मास्तर, मर्यादा उपटलीत होय?” आम्ही हंसलों.

त्याच आषाढांतील उधाणानें तो उंचवटा दोन हात कापून नेला. बांध फुटला, खारें पाणी काकूंच्या वाडींत शिरलें आणि विहीर मचूळ झाली. तेव्हांपासून त्यांच्या घरीं पिण्याचें पाणी आमच्या विहिरीवरून जातें. तक्रारीचा एक शब्द त्यांनीं काढला नाहीं, हीच आम्हांस मोठी शिक्षा.

त्या वेलाचें नांवच मर्यादावेल. पान आपट्यासारखें दुभंगलेलें, फूल जांभळें. जमिनीस टेकलेल्या पेऱ्यापेऱ्यास त्याला मुळें फुटतात. वाऱ्यानें उडणारी वाळू पानांशीं अडते, साचते आणि तिचा बांध होतो. संस्कृतांत ‘वेला’ म्हणजे समुद्राचा कांठ आणि सीमाही. हें वर्गांत शिकवीत आलेल्या आम्हांस पायाखालची वेला ओळखतां आली नाहीं! किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेंतही वाळूच्या टेकड्यांस अत्यंत संवेदनशील भागांत गणिलें आहे.

ज्या वाचकांचीं घरें किनाऱ्यावर असतील त्यांनीं पुळण हातानें वेंचावी. फावडें चालवूं नये. मोटारी वाळूंत उतरूं देऊं नयेत. पहिल्या पावसांत वेलाचे हातहात लांबीचे तुकडे पेरीं गाडून लावावेत. आम्हींही तसेच लावले.

पाहुणे समुद्रांत उतरतात, त्यांच्या जिवाचीही काळजी असतेच. म्हणून आळीच्या तोंडाशीं एक काळी पाटी टांगून तीवर भरतीची वेळ आम्ही रोज खडूनें लिहितों. हिशेब कोळ्यांचा जुनाच : पक्ष कोणताही असो, तिथीची पाऊणपट करावी; अष्टमीस सुमारें सहा वाजतां पूर्ण भरती. ओहोटी लागली कीं पाण्यांत जाऊं नये, हें खालीं मोठ्या अक्षरांत. कांहीं पाहुणे पाटीसमोर उभे राहून छायाचित्र काढतात व तसेच पाण्यांत शिरतात. मग मुलांना शिट्या फुंकीत धांवावें लागतें.

वेल यंदा अकरा हात पसरला आहे. काकू दर अमावास्येस आपल्या विहिरीचें पाणी चाखून पाहतात आणि रिकामी घागर पुन्हां आमच्याकडे पाठवितात.