आर्वीची छोटी गाडी

आर्वीला आगगाडी जात होती, असे म्हातारी माणसे सांगतात. पोरांना ती थाप वाटते. पण गोष्ट खरी आहे. आपल्या वर्धा जिल्ह्यात पुलगाव ते आर्वी असे सुमारे 35 किलोमीटर रूळ होते. 1917 साली ही गाडी सुरू झाली.

ती आली कापसासाठी. मुंबईची मोठी लाईन पुलगाववरून पुढे 1867 सालीच नागपूरला पोचली होती. पण आर्वीकडचा कापूस पुलगावला आणायचा कसा? बंडीने. बैलांची सारी रात्र वाटेतच जायची. मग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे या खाजगी कंपनीने हा फाटा टाकला. मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला, तीही याच कंपनीची.

मोठ्या लाईनीच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचे अंतर असते. इथे अडीच फूटच होते. आपल्या बंडीच्या दोन चाकांतही याहून जास्त अंतर असते! अशा लाईनीला जमीन कमी लागते, लोखंड कमी लागते. म्हणून ती स्वस्तात होते.

पण खरी अडचण तिथेच होती. छोट्या गाडीचे डबे मोठ्या रुळांवर चढत नाहीत. पुलगावला आल्यावर सगळ्या गाठी उतरवा, पुन्हा मोठ्या गाडीत भरा. हमाली दोनदा, वेळही दुप्पट. बंडीशिवाय दुसरे साधन नव्हते, तोवर हे चालले. पुढे पक्क्या सडका झाल्या, ट्रक आले. ट्रक जिनातून माल उचलतो आणि थेट गिरणीच्या दारात टाकतो. माणसेही एस. टी.त बसू लागली. छोट्या गाडीला कोण वाट पाहत बसणार?

आणखी एक गोष्ट आडवी आली. स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या. हा फाटा मात्र कंपनीच्याच मालकीचा राहिला. गाडी चालवायची सरकारी रेल्वेने, मालकी कंपनीची. आता दुसऱ्याच्या वावरात विहीर कोण खणतो? आम्हाला वाटते, या लाईनीचे हाल झाले ते यामुळेही.

शंभर वर्षे पुरी व्हायच्या आत गाडी बंद पडली. ती परत यावी, पण रूळ मोठे टाकून यावी, असे आर्वीकडचे लोक कितीतरी वर्षे मागत आले आहेत. ते बरोबरच मागतात. रूळ मोठे झाले, तर आर्वीत भरलेली गाठ पुलगावला उतरवावी लागणार नाही.